पायाचे वाटे

"खुंटाला काथ्या कधीपासून यायला लागला हो, बाई?"

डॉक्टरांनी चिमटा माझ्या तोंडासमोर धरला होता. त्याच्या टोकाला रक्तानं काळा पडलेला काथ्याचा पुंजका होता. जानकूच्या नडगीतून निघालेला. शेजारच्या ताटलीत तसले आणखी पुंजके होते आणि फडक्याची एक चिंधी. ती चिंधी मी लगेच ओळखली. गेणभाऊंच्या जुन्या बंडीची होती ती.

"पडले ते, सायेब," मी म्हटलं. "करवंदीच्या जाळीत खुंट व्हता."

"आणि फोटोत हे पांढरे ठिपके दिसतायत, ते करवंदीचे काटे का?"

मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काहीतरी मोठंच घडलेलं असतं, हे आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. शाळेत खिचडी शिजवते मी. सगळ्या पोरांना एका हाकेत रांगेत बसवणारं तोंड आहे हे. पण त्या दिवशी ते उघडलं की खोटंच बाहेर पडत होतं.

"मला पोलिसांना कळवावं लागतं. ते मी कळवलंय," डॉक्टर म्हणाले. "त्यांना तरी खरं सांगा."

जानकू म्हणजे माझा नवरा. वाडीत मी त्याचं नाव घेत नाही, पण या दवाखान्यातल्या लोकांनी खिडकीखिडकीवर 'पेशंटचं नाव? पेशंटचं नाव?' असं विचारून विचारून माझी ती लाज पार मोडून टाकली. आता नाव घेतलं तरी जीभ अडखळत नाही.

झालं होतं ते असं. आमची वाडी डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. भात भरात आलं की रानातून डुकरं उतरतात आणि एका फेरीत खाचर लोळून सपाट करतात. म्हणून वर्षातून एकदा सगळी वाडी हाका घालते. बापे डबे बडवत, ओरडत रानातून पुढे सरकतात आणि वर खिंडीत बंदूकवाला बसतो. बंदूक एकच, गेणभाऊंची. ठासणीची. नळीत दारू घालायची, वर छर्रे, आणि ते हलू नयेत म्हणून काथ्या आणि चिंध्या ठासायच्या. बंदुकीला परवाना नाही आणि डुक्कर मारायची कोणी परवानगी काढलेली नाही. म्हणजे सगळा कारभार चोरीचा.

गेणभाऊ जानकूचे चुलते. जानकूचा बाप तो लहान असतानाच गेला, तेव्हापासून यांनीच त्याला वाढवलं. आमचं लग्नही यांनीच जमवलं. मी त्यांना मामा म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. सत्तरीला आलेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं, पण 'औंदा बंदूक दुसऱ्याला द्या' असं त्यांना म्हणणार कोण? त्या सकाळी धुकं होतं. जाळी हलली, मामांनी चाप ओढला आणि जाळीतून जानकू ओरडला.

वाडीतल्या हौशीराम भावजींच्या जीपमधून घोडेगावला येईपर्यंत पुरुषांनी आपसांत ठरवूनही टाकलं. "खुंट लागला म्हनायचं, वयनी. बंदुकीचं नाव निघालं तर समदी वाडी आत जाईल. जानकू बी जाईल. हाक्याला तो बी व्हताच की." मी म्हटलं, बरं. डोकं कुठे होतं ठिकाणावर! घोडेगावात पहिली पट्टी झाली, तिथल्या कागदावर खुंट लिहिला गेला, आणि तो मेला खुंट आमच्या मागे मागे नारायणगावच्या या मोठ्या दवाखान्यापर्यंत आला.

दुपारी घोडेगाव ठाण्याचे हवालदार आले. त्यांनाही मी खुंटच सांगितला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, एकवार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बघा ताई. तुम्ही सांगाल तेच मी लिहिणार." मी सही केली. सातवीपर्यंत शिकले आहे. खोट्याखाली सही करायला तेवढं शिक्षण पुरतं.

दवाखान्याच्या तळमजल्यावर फुकट इलाजाच्या सरकारी योजनेची खिडकी होती. तिथे श्रेया नावाची मुलगी बसायची, पारगावकडची. गोड पोर. माझी कागदांची पिशवी तिनं स्वतः उलटी केली, रेशनकार्ड, आधार, सगळं नीट लावलं. दुसऱ्या दिवशी मला बघून तिचाच चेहरा पडला.

"ताई, फाइल परत आली. डॉक्टर लिहितायत बंदुकीची जखम. पोलिसांच्या कागदावर खुंट. असं चालत नाही."

"मंग आता?"

"जे खरं असेल ते पोलिसांच्या कागदावर आलं पाहिजे. नाहीतर..." तिनं शेजारच्या खिडकीकडे बघितलं. ती रोखीची खिडकी. खरं सांगावं तर सगळी वाडी आत जाणार होती.

रोख म्हणजे किती, ते डॉक्टरांनी सांगितलं. माणूस तिरसट होता, पण खोटा नव्हता. म्हणाले, "गोळीबरोबर सगळी घाण आत ठासली गेलीय. हाडाचे तुकडे झालेत. पाय ठेवायचा तर आतून पुन्हा पुन्हा धुवावा लागेल, बाहेरून सळया लावाव्या लागतील, मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल. चार लाखांच्या घरात जाईल."

"आन न्हाय केलं तर?"

"परवा संध्याकाळपर्यंत मी थांबू शकतो. त्याच्या पुढे विष वर चढेल. मग गुडघ्याखाली कापावा लागेल." जरा थांबून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "त्याला नव्वद हजार."

ऐकलंत? ठेवायचा तर चार लाख, तोडायचा तर नव्वद हजार. माझ्याच नवऱ्याचा पाय, जन्मापासून त्याच्याकडे असलेला, तो त्याच्याकडेच राहू द्यायचा म्हणून एवढे पैसे. मला तिथल्या तिथे त्या डॉक्टरांचा राग आला. मग माझा आला. शेवटी मी कॉरिडॉरमधल्या बाकावर जाऊन बसले.

जानकू हिरड्याच्या झाडांवर चढतो. आमच्या अंगाला मीठमिरचीचा पैसा हिरड्याचा. आणि जानकूसारखा शेंड्याला जाणारा गडी वाडीत दुसरा नाही. सरसर जातो, वरून मला हाका मारतो, "उजे, वर बघ की!" मी कधी बघत नाही. मला भीती वाटते. त्या बाकावर बसल्या बसल्या मला सारखं वाटत होतं, बघायला पाहिजे होतं.

पुढच्या दिवशी दुपारून हौशीराम भावजी आले. संगती बायडाबाई होती, शेजारची. एकटी बाई, ना नवरा ना पोर. ती थेट आत जानकूच्या उशाशी जाऊन बसली. भावजी मला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सोडला. आत नोटांची गुंडाळी होती.

"वयनी, वाडीनं वाटं पाडलं."

आमच्यात शिकार झाली की सागाच्या पानांवर वाटे पडतात. जितक्या चुली तितके वाटे, आणि सगळे सारखे. घरातलं कोणी हाक्याला गेलं असो वा नसो. बायडाबाईलाही वाटा असतो, कुत्र्यांनाही असतो. फक्त मुंडकं वेगळं काढतात. ते गोळीवाल्याचं. भांडण नको म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली रीत आहे, आणि भांडण होतही नाही. तर आता वाडीनं जानकूच्या पायाच्या खर्चाचे तसेच वाटे पाडले होते. शिकार समद्यांची, तर भोग बी समद्यांचा. मला ऐकून भरूनच आलं. बायडाबाईनं कोंबड्या विकून तिचा वाटा भरला होता.

"किती झालं, भावजी?"

"नव्वदाला जरा कमी पडत्यात. तुमच्या चुलीचा वाटा धरला की भरलं."

मला आधी कळलंच नाही. "माज्या चुलीचा?"

"म्हंजे..." भावजी मान खाजवायला लागले. "चूल तितं वाटा. रीतच हाय ना, वयनी."

मग माझं तोंड उघडलं. सगळा दवाखाना बाहेर आला असेल बघायला. "गोळी माज्या नवऱ्यानं खाल्ली, आन गोळी खाल्ल्याचा वाटा बी त्यानंच भरायचा? आरं, डुकराकडनं बी तुमी वाटा मागत न्हाई! आन नव्वदच का? चार लाखाचे वाटे का न्हाय पाडले?"

"कुटनं आनायचे चार लाख? काल फोनवर तुमीच म्हनला ना, डाक्टर नव्वद बी म्हनतोय. नव्वदात काम व्हतंय म्हनून..."

"काम! पाय कापायला काम म्हनताय?"

"मानूस तर घरला यील," भावजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. वाईट माणूस नाही हो तो. जीपचा हप्ता बाजूला सारून त्यांनी त्यांचा वाटा दिला होता, हे मला नंतर कळलं. पण त्या घडीला मला कोणाचंच काही चांगलं दिसत नव्हतं.

"आन मामा कुटं हायेत?" मी विचारलं. "ज्येची गोळी त्येचा वाटा कुटाय?"

भावजींनी खाली बघितलं. "गेणभाऊ वाटं पाडायला आलंच न्हाईत. पाटंच बैल घेऊन बेल्ह्याच्या बाजाराला गेले म्हनत्यात."

बेल्ह्याच्या बाजाराला! इथे पोराचा पाय सडतोय आणि म्हातारा बैलांचे सौदे करतोय. ज्याच्या हातचं खाऊन जानकू वाढला, त्याच हातानं त्याला पांगळा केला, आणि तोंडसुद्धा दाखवायला आला नाही. मी मनातल्या मनात मामांना असं असं बोलले की आता ते इथे लिहिता येणार नाही.

आत गेले तर जानकू तापानं तांबडा झाला होता. बायडाबाई ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसत होती. पायऱ्यांवरचा माझा आवाज त्यानं खिडकीतून ऐकला असणार.

"कापू दे, उजे," तो म्हणाला. "काठी घीन."

"काठी चढती का हिरड्यावर?"

"तू चढ. मी खाली बसून तुला हाका मारीन."

तो हसला. खरंच हसला. मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सफाईवाली बाई जिना पुसत होती तेव्हा खालच्या दारात मामा दिसले. पायरीवर बसलेले. मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं एक लांबलचक काहीतरी. मला बघून उठले. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी आधी हात वर केला.

"पोरी, शिव्या मागनं दे. पाय हाय का आजून?"

"हाय. सांजच्यापातूर हाय." मग माझी नजर त्या घोंगडीकडे गेली. "मामा, ह्ये काय?"

"तीच."

"येष्टीतनं आनली?"

"कंडाक्टरनं लगीजचं तिकीट फाडलं. म्हनला, कुदळ-फावडी हाय का? म्हनलं, तसलंच समज."

दुसरी वेळ असती तर मी हसून हसून लोळले असते. हौशीराम भावजी जीपमध्ये झोपले होते ते डोळे चोळत आले, आणि घोंगडी बघून त्यांची झोपच उडाली. "भाऊ, हितं कशाला आनलं ह्ये? समद्यांना गुतवाल तुमी!"

"कुनाला न्हाय गुतवत," मामा म्हणाले. "हौशा, तूच म्हनला न्हवं वाडीत, कागदावर खुंट हाय म्हनून फायल अडली? तर म्या जाऊन खुंट काढतो. हाका न्हवता, डुक्कर न्हवतं. म्या एकलाच राखनीला माळ्यावर बसल्यालो. जानकू भाकर घेऊन आला, धुकं व्हतं, मला डुक्कर वाटलं. झालं. वाडीचं कोन बी तितं न्हवतं."

"पर भाऊ, ह्या वयात तुमाला आत..."

"वाटं समद्यांचं सारखं, ते तुमी पाडलं. बरं केलं. पर मुंडकं कुनाचं आस्तं रं, हौशा?"

मामांनी कनवटीतून प्लॅस्टिकची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. "ह्ये बैलांचं. भायेरची औषदं योजनेत बसत न्हाईत म्हनं. आन मागं त्येंना वैरन कोन टाकनार व्हतं? चांगल्या घरी गेले. बेल्ह्यातच गिऱ्हाईक मिळालं, भोरवाडीचं." मग जरा ओशाळून म्हणाले, "तू संगती चल. मला लिव्हता येत न्हाय. आन एकला गेलो तर म्हातारं खुळावलं म्हनून हाकलून देत्याल. तूच खुंट सांगितला, तूच तो काढ."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पण वेळ कुठे होता? मी बायडाबाईला जानकूजवळ ठेवलं आणि जीपमध्ये बसले. भावजींनी गाडी अशी हाणली की मंचरपर्यंत मी पुढची दांडी धरूनच बसले होते. मधल्या सीटवर मामा घोंगडी उराशी धरून बसले होते. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. कान दिला तर म्हणत होते, "एकलाच व्हतो... माळ्यावर... भाकर घेऊन आला..." धडा पाठ करावा तसं.

घोडेगावच्या ठाण्यात साहेबांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं. घोंगडी उलगडली, बंदूक बघितली. "कुठून आणली?" "बापाची." "परवाना?" "न्हाय." मग साहेब माझ्याकडे वळले.

"ताई, तुम्ही खुंट सांगितला होता."

"भ्याले व्हते, सायेब."

"आणि आता भ्यालेल्या नाही?"

"आता लई भ्यालेय," मी म्हटलं. "सांजंला पाय कापनार हायेत त्येंचा."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील, एकटाच होता का म्हातारा? राखणीचा माळा नक्की कुठे? काहीही विचारतील आणि माझं तोंड फुटेल. मामा मध्येच म्हणाले, "मीच. दुसरं कोन न्हाय." जरा मोठ्यानंच म्हणाले. साहेबांनी पेन उचललं.

माझं खोटं दुसऱ्यांदा कागदावर उतरलं. या खेपेला त्यात गोळी खरी होती, माणूस खरा होता. बाकीचं देव बघून घेईल. सही करताना मामा मान तिरकी करून माझ्या हाताकडे बघत होते, पोराला पहिल्यांदा पाटीवर लिहिताना बघावं तसं कौतुकानं. मग शिपायानं त्यांच्या कोपराला धरलं आणि आतल्या बाजूला नेलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मीही थांबले नाही. कागद छातीशी धरून जीपकडे पळत सुटले.

श्रेयानं तो कागद घेतला आणि जेवायचा डबा तसाच बाजूला सारला. फोनवर कोणाला तरी "सर, अर्जंट आहे, पाय जातोय" असं विनवत होती. मी तिच्या खिडकीचा गज सोडला नाही. रांगेतले लोक चिडचिड करत होते, तरी सोडला नाही. दुपार कलल्यावर तिनं मान वर केली, आणि तिचा चेहरा बघूनच मला कळलं. जानकूला आत नेलं. ऑपरेशनच्या दारावरचा दिवा लागला. बायडाबाई माझा हात चोळत राहिली. तिच्या कोंबड्यांचा वाटा मी तिच्या ओटीत परत टाकायला गेले तर तिनं डोळे वटारले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा ऊन भिंतीवर पार वर सरकलं होतं. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाले, "राहिला पाय. अजून दोनदा धुवायचाय, लंगडेल थोडा. पण कापत नाही आता." आणि दोन पावलं जाऊन मागे वळले. "खुंट निघाला ना शेवटी? दोन दिवस आधी काढला असतात, तर लंगडलाही नसता."

म्हणू देत. तेवढा हक्क होता त्यांचा.

जानकू गुंगीत होता. चादर वर करून मी आधी पंजा बघितला. पिवळा पडला होता, सुजला होता, पण पाचही बोटं जागच्या जागी होती. मी त्यांना हात लावला. मग बायडाबाईनं वाडीवरून आणलेल्या भाकरींतल्या दोन आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली आणि भावजींना म्हटलं, "चला, मामांना सांगून येऊ. त्येंना कोन सांगनार?"

ठाण्यात पोचलो तर दिवेलागण झाली होती. हवालदार तेच निघाले, दवाखान्यात आलेले. म्हणाले, "उद्या कोर्टात नेतील म्हाताऱ्याला. दोन मिनिटं भेटा." त्यांच्या टेबलावर मामांची चंची होती, करदोडा होता, आणि घडी घालून ठेवलेलं मुंडासं.

"लांब कापड आत देत नाहीत, ताई," माझी नजर बघून हवालदार म्हणाले. "सगळ्यांचंच काढून घेतो. नियम आहे."

मी आत गेले. मामा गजांपलीकडे भिंतीला टेकून बसले होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांचं डोकं उघडं कधी बघितलं नव्हतं. आजारपणातही नाही, झोपेतही नाही. बारकंसं डोकं होतं, पांढरे, विरळ, खुरटे केस, मध्ये टक्कल. मला बघताच ते दचकले. दोन्ही हात एकदम डोक्यावर गेले, आणि त्यांनी मान खाली घातली.

मी पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"पाय राहिला, मामा."

मागून आवाज आला.

"समदा?"

"समदा. पंजासकट."

"ब्येस झालं." त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "जा तू आता. त्येला एकला ठिवू नगं."

मी तशीच भिंतीच्या कडेनं बाहेर आले. हवालदारानं माझ्या हातातल्या फडक्याकडे बोट केलं. "अहो, भाकरी तशीच परत घेऊन चालल्या? द्या की आत जाऊन. मी काही म्हणत नाही."

"तुमीच द्या, दादा," मी म्हटलं. "मी तितं असंस्तवर त्येंचे हात डोक्यावरनं निघायचे न्हाईत."